जुळ्या केळ्याचा गुन्हा

वहिनीला जुळ्या मुली झाल्या आणि बेसा गावातल्या आमच्या घरात आत्याने निकाल दिला, "तू जुळं केळं खाल्लं असशीन. काहून खाल्लं वं? अन् दोन्ही पोरीच!"

ओली बाळंतीण वहिनी रडायला लागली. घराण्यातली पहिली बीएस्सी मी, गप्प कशी बसणार?

"आत्या, एकच गर्भ सुरुवातीच्या दिवसांत दुभंगला का अशा एकसारख्या पोरी होतात. केळ्याचा काय संबंध? अन् पोरगा का पोरगी, थे दादाकडून ठरते."

आत्याने दादाकडे पाहिलं, दादाने पंख्याकडे.

"मंग देवाची मर्जी," आत्या म्हणाली. सुनेवर होतं तोवर केळं. भाच्यावर येताच देव!

वहिनीने डोळे पुसले आणि दादाला फर्मावलं, "जा, केळी आणा. जुळी दिसली तर तीच आणा."