सर्पदंशाचा लेख आजपासून सगळ्यांचा

मांडवगण फराट्यात माझ्या ब्लॉगवरचा सर्पदंशाचा लेख पत्रक म्हणून छापायला गेला आहे. तिथल्या आरोग्यसेविका शोभाताईंनी तासाभरापूर्वी फोनवर तसं सांगितलं.

ब्लॉग लिहिणाऱ्या मंडळींनो, सकाळीही त्यांचाच फोन आला होता. "आप्पा, ब्लॉगच्या खाली 'सर्व हक्क राखीव' लिव्हलंय, म्हणून छापला न्हाई. आन् आमच्याकडं सर्पदंश कुणी म्हणत न्हाई, पान लागलं म्हंत्यात. तसं बदलू का?"

ती ओळ मी ब्लॉग सुरू करताना सवयीनं टाकली होती. ती काढून परवाना लावायचा विचार अलीकडे होता: लेख कुणीही वापरावा, पण माझं नाव ठेवावं आणि शब्द बदलू नयेत. मग तर ताईंनाही बदलता आला नसता.

"सगळेच हक्क सोडले आणि कुणी त्यात मांत्रिकाचा पत्ता घातला तर?" मी विचारलं.

"मांत्रिक तुमच्या परवानगीसाठी थांबलाय व्हय?" ताई हसल्या. "त्याचं जोरात चाललंय. थांबलीया ती मीच."

दौंडच्या सायबर कॅफेत जाऊन मी ओळ बदलली: 'या लेखावर माझा कोणताही हक्क नाही. बदला, छापा, वाटा, विचारू नका.' ताईंना विनंती एवढीच केली, की जखम चिरू नका, आवळून बांधू नका, थेट दवाखाना गाठा, हे तेवढं तसंच राहू द्या.

उद्या सकाळी ऊसतोडीच्या टोळ्या फडात शिरण्याआधी ताई ते पत्रक वाचून दाखवणार आहेत. तुमच्या कुठल्या लेखासाठी असं कुणी थांबलं असेल?