लाल रेघेखाली

"तिची रेघ हुकली ना, की शाळा बंद. पप्पांनी सांगितलंय तिच्या."

"हळू बोल गं, मॅडम ऐकतील."

"ऐकू दे. ऐकून मॅडम बोलतात कुठं?"

मी फळ्यावर तारीख लिहीत होते. लिहिलेली पुसली आणि पुन्हा तीच लिहिली. वळले तेव्हा बोलणाऱ्या दोघी वह्यांत डोकं घालून बसल्या होत्या. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती खिडकीजवळ बसली होती. तिनंही ऐकलं होतं.

बजाजनगरच्या त्या शाळेत आठवीच्या वर्गाला ही पद्धत मीच लावली होती. चौकटीच्या कागदावर, गणितात आपल्याला किती मार्क हवेत ते आपणच ठरवायचं, तिथं लाल रेघ ओढायची, आणि प्रत्येक चाचणीनंतर मिळालेल्या मार्कांएवढा स्तंभ आपणच रंगवायचा. खाली पालकांची सही. मी शिकले त्या इंग्रजी शाळेत असंच असायचं, आणि माझे वडील न वाचता सही करायचे. इथंही मुलांना ते आवडलं. मला 'एकोणऐंशी' पटकन म्हणता येत नाही, यावर वर्ग हसला तेव्हा मीही हसले.

खिडकीजवळच्या मुलीनं रेघ ऐंशीवर ओढली होती. तिचे स्तंभ मात्र निम्म्याच्या आसपासच घुटमळत होते. मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, "रेघ जरा खाली घेऊया का?"

"नको मॅडम. पप्पांनी सही केलीय."

मग तिनं सांगितलं. पप्पा कंपनीत लाइनवर आहेत. तिथं डोक्यावर बोर्ड असतो, किती माल काढायचा आणि किती निघाला त्याचा. ठरलेला माल निघाला नाही की कंत्राटी माणसाला ब्रेक देतात, म्हणजे काही दिवस घरी बसवतात. उन्हाळ्यात पप्पांनाही मिळाला होता. "तेव्हा लई चिडायचे. आता म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा. रेघ नाय गाठली तर आत्याकडं गावाला."

"आणि शाळा?"

"तिथं सातवीपर्यंतच आहे."

वेळापत्रक सांगावं तसं तिनं सांगितलं. त्यानंतर ती स्तंभ रंगवेनाशी झाली. पेन्सिलीनं फिकट कडा काढायची, लगेच खोडता येतील अशा. शाळेच्या अंगणापलीकडून कंपनीचा भोंगा ऐकू आला की तिचा हात थांबायचा.

शेवटच्या चाचणीचे पेपर मी पुंडलिकनगरला घरी नेले. तिचा पेपर सगळ्यांत खाली ठेवला, तरी शेवटी तो आलाच. बेरीज पुन्हा करून पाहिली. पहिल्यापेक्षा खूप चांगला होता, पण रेघेपर्यंत पोचत नव्हता. लाल पेन हातात होतं. एखादी पायरी बरोबर धरली असती तर कुणालाही कळलं नसतं. पण तिला कळलं असतं. तिनं तो पेपर स्वतःच तपासून पाहिला असता.

शनिवारच्या पालकसभेला तिचे वडील पहिली पाळी सुटल्यावर थेट आले. कंपनीचा राखाडी गणवेश, गळ्यात ओळखपत्र. ती मागे उभी होती. दप्तर नव्हतं. हातात कपड्यांची पिशवी होती.

ते रागावलेले नव्हते, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, तुमची पद्धत लई चांगली आहे. आमच्याकडंबी असंच. लिहून दिलं की दिलं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. स्तंभाचं टोक आणि लाल रेघ यांच्या मध्ये पांढऱ्या चौकटी राहिल्या होत्या. "नाय भरलं. दाखला कधी मिळंल? बस साडेपाचची आहे."

तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दाराबाहेर वर्गात कुजबुजणाऱ्या त्या दोघी उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. माझ्या मनात वाक्य इंग्रजीत तयार होत होतं, नम्र आणि लांबलचक. ते मी सोडून दिलं.

"दादा," मी म्हणाले, "ब्रेक मिळाला तेव्हा तुम्हाला घरातून कुणी काढलं नव्हतं. सोमवारी तिला शाळेत पाठवा."