सासूबाईंची पिवळी

लग्न होऊन कॅनडात विनिपेगला आले तेव्हा सासूबाईंचं पहिलं दर्शन मला बुटांच्या रूपात झालं. शहराबाहेरच्या गावात सासरचं घर, तिथल्या गॅरेजमध्ये एक पिवळं धूड कुशीवर आडवं केलेलं होतं आणि त्याच्यामागून दोन बूट बाहेर आले होते. मी सांगलीहून नऊवारीची घडी, मोत्यांची नथ आणि आईने पढवलेले उखाणे घेऊन आलेली. बुटांमागून आवाज आला, "अस्मिता ना? तो डावीकडचा पाना दे आधी, मग नमस्कार कर." मी पाना दिला. चुकीचा दिला. गेली पंधरा वर्षं त्या हे येईल त्याला सांगतात.

सासूबाईंचं नाव वनिता. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आणि आयुष्यभर लोकांची वजनं उतरवली. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, क्रूझवर जातात, नाहीतर मंडळाच्या गणपतीत कोणाचा मोदक फुटला यावर बोलतात. सासूबाई स्नोमोबिलच्या ड्रॅग रेस करतात. स्नोमोबिल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि मोटारसायकलसारखा हँडल असलेली बर्फावरची गाडी. रेस अगदी साधी. गोठलेल्या तळ्यावर दोन सरळ पट्ट्या आखायच्या, दोघांनी शेजारी उभं राहायचं, खांबावरचा दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि पाचशे फुटांवरच्या रेषेला जो आधी पोचेल तो जिंकला. शिंक येऊन जावी इतक्यात सगळं आटपतं. त्यासाठी माणसं उणे अठ्ठावीसमध्ये सकाळपासून उभी असतात, आणि वर त्यांना मजा येते.

हे खूळ घरात आणलं माझ्या सासऱ्यांनी, उल्हासरावांनी. ऑफिसातले सगळे हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरायला जातात, म्हणून यांनीही मशीन घेतलं. स्वतः मासे खात नाहीत. पहिल्याच रविवारी भुसभुशीत बर्फात रुतून बसले आणि पायी घरी आले. मशीन आणायला सासूबाई गेल्या, आणि परत आल्या त्या चांगल्या तीन तासांनी. विचारलं तर म्हणाल्या, जरा लांबून आले.

मग गावच्या विंटर कार्निव्हलमध्ये त्यांनी बायकांच्या रेसमध्ये नाव दिलं आणि जिंकल्या. बक्षीस काय, तर एक भलीमोठी गोठवलेली टर्की. शाकाहारी घरात ती ठेवायची कुठे? बाहेर व्हरांड्यात ठेवली तर कोल्हे येतील, फ्रीझरमध्ये ठेवली तर शेजारी किसलेलं खोबरं. शेवटी सासूबाईंनी ती शेजारच्या ओरेस्टच्या दारात नेऊन दिली. ओरेस्ट म्हणजे धान्याच्या कोठारावर काम केलेला युक्रेनियन वंशाचा आडदांड माणूस, पुरुषांच्या रेसमधला त्या वर्षीचा विजेता. त्याच्या बायकोने टर्की शिजवली, यांच्यासाठी बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, म्हणजे पिरोगी, केले, आणि तेव्हापासून दोन्ही घरांची गट्टी जमली. गट्टी जमली तरी वैर गेलं नाही. पुढे साठीवरच्यांचा एकच सामायिक वर्ग निघाला, आणि त्यात दरवर्षी शेवटची रेस या दोघांचीच व्हायला लागली.

सासूबाई चणीने चिमणीएवढ्या. मशीनं सगळ्यांची सारखीच, त्यामुळे हलक्या माणसाचं मशीन आधी सुटतं, हे उघड आहे. त्या लागोपाठ दोनदा जिंकल्या तेव्हा ओरेस्टने क्लबात ठराव मांडला की प्रत्येक चालवणाऱ्याचं अंगावरच्या कपड्यांसकट किमान अमुक वजन भरलंच पाहिजे. रेसच्या आधी एकदा काट्यावर उभं राहायचं आणि जिंकणाऱ्याने रेसनंतर पुन्हा. ठराव मंजूर झाला. सासूबाई चिडतील असं मला वाटलं होतं, पण त्या खूश होत्या. आपल्या एकटीसाठी कायदा करावा लागला, हे त्या फोन करकरून पुण्या-मुंबईला सांगत होत्या. कायद्याला उत्तर म्हणून त्यांनी जाकिटाच्या अस्तरात शिशाच्या चकत्या शिवून घेतल्या आणि पुन्हा जिंकायला लागल्या.

आता माझा नवरा. शुभंकर. एकुलता एक, आणि आम्ही विनिपेगात वेगळे राहतो, त्यामुळे काळजी करणं हा त्याचा जोडधंदा आहे. तीन हिवाळ्यांपूर्वी सासूबाई ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तरी शुभंकरचं तुणतुणं थांबेना. दिवाळीला फराळाच्या ताटावरच त्याने विषय काढला, "आई, धिस इज द लास्ट सीझन. ते मशीन विकून टाक आता."

"पडले ती चालताना," सासूबाई चकली मोडत म्हणाल्या. "मशीनवरून कधी पडले? मग चालणं बंद करू का?"

माझी मुलगी केया तिथेच होती, ती म्हणाली, "शी हॅज अ पॉइंट, डॅड." डॅडचा चेहरा पडला. सासऱ्यांनी आपण न्यूट्रल असल्याचं जाहीर करून शंकरपाळ्यांचा डबा जवळ ओढला. शेवटी पैज ठरली. ओरेस्टविरुद्धची रेस संक्रांतीच्या रविवारी होती. ती सासूबाई जिंकल्या तर शुभंकरने मशीनचा विषय जन्मात काढायचा नाही, हरल्या तर रथसप्तमीपर्यंत मशीन त्यांच्या घरातून गेलं पाहिजे. शुभंकरने हात पुढे केला, त्यांनी टाळी दिली. मला मनातून कोण जिंकायला हवं होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. नवरा आणि सासू यांच्यामध्ये पडणाऱ्या बाईला अक्कल नसते.

संक्रांतीच्या सकाळी आम्ही सगळे तळ्यावर. थंडी इतकी की पापण्या चिकटत होत्या. सासूबाई काट्यावर चढल्या आणि काट्याने वजन कमी दाखवलं, जवळजवळ किलोभर. मागच्याच आठवड्यात फ्लूने त्या निम्म्या झाल्या होत्या, आणि जन्मभर दुसऱ्यांची वजनं केलेल्या या बाईने स्वतःचं करायचं राहून गेलं होतं. जादा शिसं घरी, घर वीस मिनिटांवर, आणि रेसला दहा मिनिटं. शुभंकरच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण काळजीच्या कडेकडेने समाधान पसरत होतं. ते मला दिसलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

सासूबाई शांतपणे आमच्या गाडीकडे गेल्या. मागच्या सीटवर डबा होता, संध्याकाळी मंडळात वाटायच्या तिळगुळाच्या लाडवांचा. त्यांचे लाडू म्हणजे सरकारी वजन. एकेक हातात घ्यावा आणि मान डोलवावी. त्यांनी जाकिटाचे दोन्ही खिसे भरले, झिपा ओढल्या आणि पुन्हा काट्यावर चढल्या. काटा जागेवर आला. वजन बघणारा पोरगेला अधिकारी नियमांची पाटी वाचत राहिला. अंगावर घट्ट बांधलेलं काहीही चालेल, असं तिथे लिहिलं होतं. गूळ चालणार नाही असं कुठे लिहिलं नव्हतं.

रेसचं वर्णन मी काय करणार? दोघं शेजारी उभी राहिली, पिवळी आणि ओरेस्टची काळी. दिवा हिरवा झाला. मला दिसला तो नुसता बर्फाचा धुरळा, आणि त्यात पुढे गेलेला एक पिवळा ठिपका. केया माझ्या कानात इतकी किंचाळली की संध्याकाळपर्यंत मला उजवीकडून ऐकू येत नव्हतं. सासूबाई जिंकल्या होत्या, अर्ध्या मशीनने.

आणि मग घडलं ते. शुभंकर माझ्याशेजारून पळत सुटला. पैज हरलेला माणूस, पण हरल्याचं भानच नव्हतं त्याला. आईने हेल्मेट काढलं, तर हा तिच्या पायाशी बर्फात वाकला, उठला, ग्लव्ह काढला आणि लहानपणी काढत असेल तसा उघडा तळहात पुढे केला. "आई, तिळगूळ," तो म्हणाला. डोळ्यांतलं पाणी गालावर गोठलेलं. त्याला काट्याची आठवणच नव्हती. मला होती. सासूबाईंनाही होती, कारण त्यांचा हात झिपेवर जाऊन क्षणभर थांबलेला मी या डोळ्यांनी पाहिला. मी ओरडायला तोंड उघडलं, पण रुमालात गुंडाळलेल्या तोंडातून नीट आवाज फुटेना.

झिप उघडली. त्यांनी लाडू त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "गोड बोल."

एकाला दिला की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? केयाचा हात आला. उल्हासराव हीटर सोडून गाडीतून उतरले, त्यांचा आला. ओरेस्टही दरवर्षीचा सराईत, त्याने ग्लव्ह काढून आपला पंजा पुढे केला, आणि त्याच्यामागे त्याचे दोन भाऊ, झेंडेवाला, सूपवाल्या बाई. शुभंकरने तर तीन खाल्ले, आईच्या लाडवांपुढे त्याला लाज नसते. खिसे रिकामे झाल्यावर सासूबाई काट्याकडे चालत गेल्या. मान ताठ होती. काट्याने जे सांगायचं ते सांगितलं. अधिकाऱ्याचा चेहरा रडवेला झाला, तरी त्याने निकाल दिला. वजन कमी, विजेता ओरेस्ट.

हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात, इथे तो माझ्या नवऱ्याच्या तोंडात गेला होता. त्याला कळलं तेव्हा तिसरा लाडू अजून गालात होता. तो अधिकाऱ्याकडे धावला, लाडू मी खाल्लेत म्हणून इंग्रजीत कबुलीजबाब देऊ लागला. ओरेस्टही आपलं पोट थोपटत मोठ्यांदा सांगत होता की हरवलेलं वजन इथे आहे, हवं तर मलाच काट्यावर घाला. सासूबाईंनी दोघांना गप्प केलं. नियम म्हणजे नियम, त्या म्हणाल्या, आणि तो तर माझ्यासाठीच केलेला.

परतताना गाडीत शुभंकर म्हणत राहिला की पैज मोडली, आई, मशीन ठेव. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी हळूच विचारलं, की झिप उघडताना तुम्हाला माहीत होतं ना.

"होतं," त्या म्हणाल्या. "संक्रांतीला पोराने हात पुढे केल्यावर काटा बघायचा का?"

मला रडू आलं. नवऱ्याचा राग आला, त्याची कीव आली, आणि या बाईची सून असल्याचा अभिमानही वाटला.

सासूबाई शब्दाच्या पक्क्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शुभंकरला कळवलं, रथसप्तमीला ट्रेलर घेऊन ये, मशीन घरातून जाईल. पोराने नाही नाही म्हणून पाहिलं. मग नाइलाजाने एक गिऱ्हाईकही शोधलं. रथसप्तमीला त्यांच्या घरी हळदीकुंकू असतं. विनिपेगहून बायका गाड्या भरभरून येतात, जाडजूड पार्का जाकिटांच्या आत पैठण्या आणि पैठण्यांच्या आत थर्मल. त्या वर्षी वाण म्हणून सगळ्यांना गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे ब्रश मिळाले. मला मात्र मिळाला नाही. मी म्हटलं असेल, सून घरचीच. पण वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

बायका गेल्यावर सासूबाईंनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. दार उघडं होतं, बाहेर शुभंकर ट्रेलर लावून हातात दोर घेऊन उभा होता, चेहरा सुतकी. पिवळी पुसून लख्ख केलेली, हँडलवर हळदीकुंकवाची बोटं. सासूबाईंनी माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पदर पुढे कर."

मी केला. त्यात आधी तिळगूळ पडला, मग खण, आणि खणात गुंडाळलेली पिवळीची किल्ली.

"वाणाला नाही म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "ट्रेलर आणलास ते बरं केलंस. पोचव हिच्या घरी."

शुभंकर दोर धरून माझ्याकडे बघत राहिला, मी पदर धरून त्याच्याकडे. रीत म्हणजे रीत, आणि ती त्यांनी काही नुकतीच केलेली नव्हती. मशीन त्यांच्या घरातून गेलं. पैजेप्रमाणे गेलं. मला ते चालवता येत नाही, म्हणून शिकवायला सासूबाई दर शनिवारी आमच्याकडे येऊन राहू लागल्या. मी अजूनही चुकीचाच पाना देते. शेवटी रेसच्या अर्जावर मालकीण म्हणून माझं नाव पडलं आणि चालवणारी म्हणून त्यांचं.

पुढच्या संक्रांतीला त्या पुन्हा जिंकल्या. या वेळी जाकिटात शिसं पुरेसं होतं, पण खिशात लाडूही होतेच. केया पळाली, ओरेस्ट पळाला. शुभंकर मात्र रेषेपाशी उभा होता, दोन्ही हात खिशात घट्ट खुपसून. आई काट्यावर चढली, काटा थांबला, अधिकाऱ्याने मान हलवली, तेव्हा कुठे त्याने हात बाहेर काढला.