जीप नापास व्हावी म्हणून

साहेबांनी स्टार्टर दाबला तेव्हा आम्ही तिघं शेजारी उभे होतो. मी, ड्रायव्हर पुंडलिकराव आणि जखमा बांधणारे ड्रेसर शामराव. तिघांनी मनातल्या मनात एकच गोष्ट मागितली होती. जीप चालू होऊ नये.

ती पहिल्याच दाबाला चालू झाली. आणि तीही इतक्या गोड आवाजात, की साहेबांनी कौतुकाने मान हलवली.

"वा डॉक्टर," ते म्हणाले. "गाडी तर छान ठेवली आहे तुम्ही."

मी पुंडलिकरावांकडे पाहिलं. त्यांनी कडुनिंबाच्या झाडाकडे पाहिलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी समुद्रपूर तालुक्यात एका गावी जनावरांचा डॉक्टर होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला चहाला बोलावतात. दवाखान्याला एक पेट्रोलची जीप होती. माझ्यापेक्षा तिची नोकरी जास्त झाली होती.

सरकारी गाडी म्हातारी झाली म्हणून कोणी आपणहून बदलून देत नाही. त्यासाठी वरून इंजिनीअर येतात, गाडी तपासतात आणि 'कंडेम' असा शेरा मारतात. कंडेम म्हणजे आता दुरुस्तीत अर्थ नाही. मग जुनी गाडी लिलावात जाते आणि नवीन मिळते. शेरा नाही तर गाडी नाही. या शेऱ्यासाठी मी तीन वर्षं अर्ज करत होतो. अखेर पत्र आलं. सोमवारी सकाळी दहाला साहेब तपासणीला येतील.

जीपमध्ये नापास होण्यासारखं भरपूर होतं. ब्रेक तीनदा मारले तर लागत. डावा दरवाजा मीच हाताने धरून बसायचो. स्टार्टर मेला होता, म्हणून गाडी नेहमी दवाखान्यामागच्या उतारावर उभी करायची आणि ढकलून चालू करायची. सपाट गावात गेलो तर तिथले लोक ढकलत. आम्ही तपासलेल्या बैलाचा मालक तर ढकलायला असायचाच.

ही गाडी चालत होती ती रविवारांवर. रविवारी दवाखाना अर्धा दिवस. जनावरं संपली की आम्ही तिघं जीप उघडायचो. जनावराला हलता येऊ नये म्हणून ज्या लाकडी चौकटीत उभं करतात तिला खोडा म्हणतात. दवाखान्यामागे त्या खोड्याच्या शेजारीच जीप उभी असायची, आणि औजारंही बरीचशी जनावरांचीच. जीपचा कापडी टप फाटला की शामराव जनावराची जखम शिवायची वाकडी सुई घेऊन टाके घालायचे. रेडिएटर गळायला लागला की त्यात घरची हळद टाकायचे, हळद फुगून भोक बुजतं. मी इंजिनाला स्टेथोस्कोप लावायचो. हसू नका, कोणत्या व्हॉल्व्हची टकटक आहे ते नीट कळतं.

पुंडलिकराव आंजीचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांचं म्हणणं साधं होतं. "डाक्टरसायेब, सहा दिवस थे आपल्याले वागवते. एक दिवस आपन तिले वागवाव."

हे सगळं मला आवडायचं, हे कबूल करतो. पण मला नवीन गाडी हवी होती आणि त्याला कारण होतं.

घटसर्प हा गाई-बैलांचा रोग. पावसाळ्याच्या तोंडावर येतो. घसा सुजतो आणि दिवसभरात जनावर जातं. आधी लस टोचली तर वाचतं. पण लस थंड राहिली पाहिजे. आम्ही हिंगणघाटहून बर्फ आणायचो, खोक्यात भुसा भरून त्यात लसीच्या बाटल्या ठेवायचो आणि बर्फ वितळायच्या आत गावोगाव पोचायचो. आदल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, जीप एका नाल्याच्या काठी बंद पडली. आपल्याकडच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाही. पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वाट पाहायची, एवढाच उपाय. तीन तास वाट पाहिली. बर्फाचं पाणी झालं. लस फेकावी लागली.

दुसरी लस येईपर्यंत पाऊस लागला, रस्ता बंद झाला, आणि पलीकडच्या गावात चार बैल गेले. त्यातले दोन महादेवरावांचे. जोडीच गेली. मी भेटायला गेलो तर त्यांनी मला चहा पाजला आणि बैलांचा विषयही काढला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. परत येताना मी ठरवलं, ही जीप पुढच्या मोसमाला नको.

म्हणून तपासणीच्या आदल्या शनिवारी मी दोघांना टेबलासमोर उभं केलं.

"उद्या रविवार आहे," मी म्हणालो. "उद्या जीपला कोणी हात लावायचा नाही. आहे तशी दाखवायची."

"हाव," पुंडलिकराव म्हणाले.

"पाना नाही, तेल नाही, फडकं नाही."

"आमी काऊन लावू हात?" शामराव म्हणाले. "नवी गाडी आमाले नाई पायजे का?"

रविवारी दवाखाना आटोपून सगळे घरी गेले. मीही गेलो. आणि आता सोमवार उजाडला होता, आणि मेलेला स्टार्टर जिवंत झाला होता.

साहेब गाडीखाली वाकून बघत होते तेवढ्यात मी पुंडलिकरावांना बाजूला घेतलं.

"तुम्ही आला होता काल?"

"दुपारी आलतो जरासा," ते हळूच म्हणाले. "तुमी झोपले होते."

"काय केलं?"

"काई नाई. स्टार्टरचे कार्बन बदलले. ब्रेक भरले. सायेब गाडी चालोनार, नाल्यात जाऊन पडला तं?" मग थोडं थांबून म्हणाले, "अन थे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या बाजूनं जात होती, थे वळवून दिली दुसरीकून. पोत्यानं गुंडाळली. मोठा मानूस उन्हात येऊन राह्यला, गाडी बंद पडली तं आपलीच इज्जत जाते."

"अहो, इज्जत जावी म्हणूनच त्यांना बोलावलं आहे," मी म्हणालो. हे त्यांना पटल्याचं दिसलं नाही.

साहेब उठले आणि त्यांनी टपावरून हात फिरवला. मागच्या बाजूला वीतभर फाटलेलं होतं. शनिवारी मी स्वतः पाहिलं होतं. आता तिथे बारीक, एकसारखे, सुंदर टाके होते.

"हे कोणी शिवलं?"

शामरावांनी मान खाली घातली. रविवारी सासुरवाडीला जायचं आहे, असं मला सांगून गेले होते. "संध्याकाळी आलतो जी. फाटकं बरं नाई दिसत."

मला राग आला. खरंच आला. तीन वर्षांचे अर्ज, महादेवरावांची जोडी, आणि हे दोघं नवरी सजवल्यासारखी जीप सजवून बसले होते. पण साहेबांसमोर काय बोलणार? तेवढ्यात साहेबांनी डावा दरवाजा लावला. तो टक्कन लागला. पुंडलिकराव आणि शामराव दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं.

आता सांगूनच टाकतो. रविवारी पहिला मीच गेलो होतो, सकाळी सातला, दवाखाना उघडायच्या आधी. दरवाजाची कडी नीट केली. माझं समर्थन असं, की दरवाजा साहेबांच्या मांडीवर पडला असता तर तपासणी राहिली असती बाजूला. कडीला पाचच मिनिटं लागली. तेवढं करून मी घरी जायला हवं होतं.

"चला, ट्रायल घेऊ," साहेब म्हणाले.

ते स्वतः चालवायला बसले. मी शेजारी, दोघं मागे. ब्रेक एका पायात लागले. उन्हात अर्धा तास पळवली तरी इंजिन अडखळलं नाही. मग साहेबांनी जीप कोरड्या नाल्यात उतरवली. तिथे वाळू होती. माझ्या जिवात जीव आला, कारण आमचा शेवटचा भरवसा वाळूवरच होता.

वाळूत किंवा काळ्या मातीच्या चिखलात मागची दोन चाकं नुसती गरगर फिरतात. तेव्हा गिअरच्या बाजूचा छोटा दांडा ओढायचा, म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. याला फोर-व्हील म्हणतात. जीपला जीप म्हणायचं ते याच्यासाठी. आमचा दांडा दोन वर्षं गंजून बसला होता. पुंडलिकरावांनी हातोडी मारून पाहिली होती, शामरावांनी लाथ. दांडा हलत नाही म्हटल्यावर कोणताही इंजिनीअर गाडी नापास करणार, हे नक्की होतं.

चाकं फिरायला लागली. जीप रुतली. साहेबांनी दांड्याला हात घातला आणि ओढला.

दांडा लोण्यातून सुरी जावी तसा मागे आला. जीप गुरगुरली आणि सरळ काठावर चढली.

"मी नाई हात लावला," मागून पुंडलिकराव म्हणाले.

"मी तं नाईच," शामराव म्हणाले.

साहेबांनी हवेत हुंगून पाहिलं. "डॉक्टर, हा वास कसला येतोय?"

वास टर्पेंटाइनचा होता. बैलाचं पोट फुगलं की त्याला टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल मिसळून पाजतात. आफऱ्याचं औषध म्हणतात त्याला. कडी नीट केल्यावर माझी नजर त्या दांड्याकडे गेली होती. जनावर हातचं गेलं असं दिसत असलं तरी आम्ही एक शेवटची बाटली पाजूनच उठतो. सवयच ती. मी अर्धी बाटली दांड्याच्या बुडाशी ओतली आणि घरी गेलो. हलेल असं मला खरोखर वाटलं नव्हतं. टर्पेंटाइनने गंज सुटतो, हे त्या दिवशी नाल्यात कळलं.

"औषध सांडलं असेल," मी म्हणालो.

दवाखान्यात परत येऊन साहेबांनी शेरा लिहिला. वाहन जुने, परंतु निगा उत्तम. आणखी तीन वर्षे वापरण्यास योग्य. मी त्यांना लसीचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, चार बैलांचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"डॉक्टर, नवीन जीप एकच आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या तालुक्यातली गाडी बाभळीखाली उभी आहे, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. त्यांना नको द्यायला? तुमचं तर उत्तम चाललंय."

साहेब गेले. मग मी पुंडलिकरावांवर चिडलो. हुकूम दिला असताना हात कशाला लावला, असं विचारलं.

"डाक्टरसायेब," ते म्हणाले, "घरी पाव्हना येनार म्हनलं की मानूस आंगन सारवते. पाव्हना काऊन येऊन राह्यला, हे थोडी पाह्यते? बरं, आमचं चुकलं. पन तो दांडा कोनं सोडवला?"

मी आत जाऊन रजिस्टर उघडून बसलो.

त्या वर्षी लसीच्या मोसमात आम्ही एकही रविवार चुकवला नाही. राग होता, पण रविवार आला की तिघंही हजर. वळवलेल्या नळीमुळे मे महिन्यात जीप एकदाही बंद पडली नाही. पाऊस मात्र लवकर आला. महादेवरावांचं गाव शेवटचं राहिलं होतं, आणि गेल्या वर्षीसारखाच रस्ता चिखलात गेला. नाल्याच्या काठी पुंडलिकरावांनी जीप थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दांडा ओढला. खोक्यात बर्फ अजून खडखडत होता.

महादेवरावांच्या दारात नवीन जोडी होती. मी दोन्ही बैलांना सुई दिली. त्यांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "औंदा टायमावर आले तुमी." मी सुई खोक्यात ठेवली. मग चहा दोन कप प्यालो.

तीन वर्षांनी पुन्हा तपासणीचं पत्र आलं. साहेब तेच. आता चेसिसलाच तडा गेला होता, म्हणजे ज्या लोखंडी चौकटीवर सगळी गाडी बसते तिलाच. ते आमच्या सुईने शिवण्यासारखं नव्हतं. तरी या वेळी मी शहाणपण केलं. रविवारी पुंडलिकरावांना आंजीला पाठवलं, शामरावांना खरोखरच्या सासुरवाडीला, आणि मी स्वतः किल्ली खिशात घालून वर्ध्याला बहिणीकडे जाऊन बसलो. दिवसभर तिथे मला काही सुचलं नाही. भाच्याची सायकल दुरुस्त करून दिली.

सोमवारी साहेबांनी स्टार्टर दाबला. जीप खोकली आणि गप्प झाली. साहेबांनी पुन्हा दाबला. काही नाही. खाली वाकून त्यांनी तडा पाहिला आणि कंडेमचा शेरा मारला. आम्हाला जे हवं होतं ते झालं, आणि तिघांचेही चेहरे पडले.

जीप लिलावासाठी वर्ध्याला न्यायची होती. साहेब म्हणाले, ट्रक पाठवतो, दोरखंडाने ओढून नेऊ. ते वळले तसे पुंडलिकरावांनी बॉनेट उघडलं. दहा मिनिटं काहीतरी केलं. मग उतारावरून ढकला म्हणाले. मी आणि शामरावांनी ढकललं. जीप चालू झाली.

"आता कशाला चालू केली?" मी विचारलं. "शेरा झाला की."

पुंडलिकरावांनी हात पुसले. "ओढत नाई न्यायची तिले, डाक्टरसायेब. आपल्या पायानं जाईन थे."

ते तिला सावकाश वर्ध्यापर्यंत घेऊन गेले. डावा दरवाजा धरायला मी शेजारी बसलो होतो, पण धरावा लागला नाही. लॉगबुकात प्रवासाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं, पोचवून देणे.

पुढे नवीन जीप आली. बदल्या झाल्या. नव्या नोकरीवर आलेले डॉक्टर मला गाडीबद्दल सल्ला विचारत. मी सांगायचो, गाडी बदलून हवी असेल तर रविवारी गाव सोडावं. लस बर्फासकट पोचवायची असेल तर सोडू नये.