नवरदेवाचा फोटोग्राफर

साठी उलटलेला, इस्त्रीची पँट घातलेला माणूस माळावर चार पायांवर चालताना तुम्ही पाहिला नसेल. मी कितीदा तरी पाहिलाय. झाडाला कॅमेरा बांधून झाला की आमचे स्टुडिओकाका गुडघे टेकायचे, हात टेकायचे आणि मान डोलवत कॅमेऱ्यापुढून जायचे. कॅमेऱ्याचा डबा काळविटाच्या उंचीला बसलाय का, हे बघायची त्यांची ही पद्धत. पुढून काही हललं की तो कॅमेरा आपोआप फोटो काढतो. त्यामुळे प्रत्येक मेमरी कार्डावर पहिला फोटो काकांचाच. आमच्या वनखात्याच्या साहेबांनी एकदा विचारलं, "हा कोणता प्राणी?" मी म्हणाले, "स्थानिक आहे, सर."

मी वनरक्षक. काका माकणीला लग्नाचे फोटो काढायचे. मग घरोघरी मोबाईल आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. आमच्याकडं ते हंगामी मजूर म्हणून लागले. थंडी पडली, हरभऱ्याला घाटे धरले की काळविटं शेतात उतरतात आणि त्यांच्या मागावर बाहेरचे शिकारी येतात. ते यायच्या आत कुठला नर कुठं फिरतो हे कळलं, तर गस्त नेमकी तिथं ठेवता येते. म्हणून पाऊस सरला की आम्ही कॅमेरे बांधत फिरायचो. मी पुढं, काका मागं, आणि काकांची बडबड सगळ्यांच्या पुढं.

त्या साली एक नर सापडला. पाठ काळीभोर, पोट पांढरं, आणि शिंगं अशी की बघत राहावं. नर आपली हद्द राखतो आणि तिथं एकाच जागी लेंड्या टाकतो. काकांनी त्या ढिगासमोरच्या बाभळीला कॅमेरा बांधला. आठवडाभरानं कार्ड काढलं तर हा गडी प्रत्येक फोटोत छाती काढून उभा. काका खूश झाले. "मॅडम, उभ्या जन्मात येवढा सरळ उभारलेला नवरदेव बघितला न्हाय. माणसाचा नवरदेव सारखा रुमालानं नाक पुसतो." तेव्हापासून तो नवरदेव. साहेबांसमोरही काका बिनधास्त सांगायचे, "आज नवरदेवानं तोंड फिरवलंय, रुसलाय."

काकांचं एक म्हणणं होतं, "फोटो दाखवायचा नसंल तर काढायचा कशाला?" चहाच्या टपरीवर, एसटीत, न्हाव्याकडं, जिथं बसतील तिथं मोबाईल बाहेर निघायचा. मी ओरडायचे, "काका, अहो जागा सांगाल एखाद्या दिवशी!" ते कान धरायचे. "न्हाय हो मॅडम, नुसतं तोंड दावतो." आणि खरंच तोंडच दाखवायचे. नवरदेवानं ती थंडी जिवंत पार करावी, एवढीच आम्हा दोघांची इच्छा होती. दर आठवड्याला कार्ड काढताना काका आधी कॅमेऱ्याच्या पाया पडायचे, मग डबा उघडायचे.

मग वेळ अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रान भरतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आणि भज्जी, उंडे, खीर, आंबील. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख विचारायची नाही. मी काकांच्या शेतात चार घास खाल्ले आणि गस्तीवर गेले. पुढचं काकांनीच नंतर सांगितलं. दोन अनोळखी माणसं बांधावरून चालली होती. काकांनी हाक मारली, पोटभर वाढलं, आंबिलीचा तांब्या पुन्हा पुन्हा पुढं केला. जेवण झाल्यावर पानसुपारी आणि त्याबरोबर नवरदेवाचे फोटो. एकजण म्हणाला, "असलं जनावर आपल्या भागात? खोटं बोलता काका." झालं! आपला फोटो खोटा म्हटलेला काकांना कुठं खपतोय? त्यांनी त्या दोघांना बांधावर नेलं आणि पलीकडच्या माळावरची बाभूळ बोट करून दाखवली.

तिसऱ्या दिवशी बाभळीला पट्टा तेवढा होता. कॅमेरा नव्हता. ढिगाजवळ तारेचा फास, रक्त आणि काळे केस. मी पंचनामा केला, टेप धरली, फोटो काढले. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. मला काहीच झालं नाही, आणि अजूनही त्याचंच वाईट वाटतं. काका टेपचं दुसरं टोक धरून उभे होते.

आठ-दहा दिवसांनी ढोकीच्या रस्त्याला नाकाबंदीत दोघं सापडले. पोत्यात शिंगं, आणि आमचा कॅमेरा. कॅमेऱ्याची ओळख पटवायला काकांना ऑफिसात नेलं. भिंतीला टेकून बसलेल्यांपैकी एकानं हात जोडले, "रामराम काका." सवयीनं काकांचेही हात जुळले.

साहेबांनी विचारलं, "ओळखता यांना?"

"व्हय. आमच्या कोपीत जेवलेत."

"यांना जागा कुणी दाखवली?"

मी जबाब लिहीत होते. पेन थांबवून मी काकांकडं बघितलं, नुसती मान हलवली, गप्प बसा म्हणून. ते दोघं काही बोलले नसते. कुणाला कळलं नसतं.

"म्याच दावली," काका म्हणाले. "लिवा मॅडम. बोट करून दावली, आसं लिवा."

मी लिहिलं. त्यांनी सही केली, बाहेर येऊन नळावर हात धुतले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. मीही बोलवायला गेले नाही.

परवा बाजारात भेटले. पिशवीत मेथी, खिशात साधा बटनांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "मॅडम, नवीन कोण आलाय का तिथं?"

त्याच दिवशी सकाळी मी कार्ड काढलं होतं. एक कोवळा नर, पाठ नुकती काळवंडायला लागलेली, त्याच ढिगावर उभा.

"नाही काका," मी म्हणाले. "कुणी नाही आलं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर लोकांचे चेहरे न्याहाळलेला माणूस तो.

"बरं केलंत, मॅडम," म्हणाले, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन निघून गेले.