एकानं वाकायचं, एकानं बोलायचं

कळंबकडच्या आमच्या शिवारात आता एकटं कुणी घास कापायला जात नाही. कडेला ऊस, उसात बिबट्या. वाकलेला माणूस त्याला शेळीएवढाच दिसतो म्हणे. म्हणून एकानं वाकायचं, दुसऱ्यानं काठी घेऊन बांधावर उभं राहायचं आणि मोठ्यानं बोलत राहायचं. वाकलेल्यानं मधूनमधून 'हं' म्हणायचं. 'हं' आलं की माणूस आहे.

आमच्यात बायको वाकते, मी बोलतो. या वाटणीचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. शिवाय बिबट्या मानच धरतो, म्हणून मी गळ्यात बाहेर टोकं काढलेल्या खिळ्यांचा पट्टा घालतो. तिच्यासाठी आणलेला ती घालत नाही. वाकलं की हनुवटीला टोचतो म्हणते. म्हणजे ज्याची मान वर, त्याच्याच मानेला राखण.

त्या दिवशी उन्हं कलली होती. आमच्या वरातीचा ट्रक चिखलात रुतला, ती गोष्ट मी सांगत होतो. ही सुरू झाली की पोरं ताटावरून उठतात. माझं तोंड चालू होतं, पण डोळे उसातच. पाचट वाजलं की शब्द अडकायचा. कुत्रं बाहेर आलं की ट्रक पुन्हा सुरू.

मग तिचं 'हं' आलं नाही.

"अगं?"

धावलो. ती ताठ उभी होती, विळा छातीशी. समोर उसाच्या दोन सऱ्यांच्या मध्ये बिबट्या बसलेला, नजर तिच्यावर. ती पळाली नव्हती, पाठ फिरवली नव्हती. सगळं बरोबर केलं होतं तिनं. माझी मात्र जीभ टाळूला चिकटली.

"बोला की," त्याच्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "येरवी तोंड थांबत न्हाई."

"काय बोलू?"

"ट्रक कुठं व्हता?"

"चिखलात..."

"मोठ्यानं!"

मग ओरडून सगळं सांगितलं. साखळी तुटली, नवरदेवानं ट्रक ढकलला, फेटा चिखलात पडला. सांगत सांगत दोघं एकेक पाऊल मागं सरत होतो. गोष्ट फेट्यापाशी आली तेव्हा तो उठला, सावकाश वळला आणि उसात गेला.

घरी आल्यावर म्हणाली, "मी ही गोष्ट इतकी वर्सं ऐकतेय. त्याला फेट्यापुढं न्हाई झेपली." सगळे हसले. तिच्या हातातला विळा अजून सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाईंना घास लागणारच होता. विळा मी घेतला. वाकलो, पट्टा टोचला. खरंच टोचतो. पाठीमागं ऊस सळसळत होता. बांधावरून ती तीच गोष्ट सांगायला लागली. तिच्या गोष्टीत ट्रक मी ढकललाच नव्हता, फेटा सांभाळत कडेला उभा होतो. एरवी भांडलो असतो.

"हं," मी म्हणालो.