चांद्याची राहिलेली मिरवणूक

गड्यांनो, आज काळीज थंड झालं!

पलटणीतनं परतलेला आमच्या गावचा शंकर उतारूंची सर्व्हिस मोटार एका हातानं चालवतो, दुसऱ्यानं मिशी पिळतो. बेंदराच्या सणाला, बैलांच्या मिरवणुकीत मोटार घालून त्यानं माझ्या चांद्या बैलाचं शिंग मोडलं; चांद्याची मिरवणूक तिथंच राहिली. वर म्हणाला, "आमी वाळवंटात गाड्या चालवल्यात. बैल बाजूला घ्यायचा!"

आज मागं वळून गप्पा हाणताना त्यानं मोटार चरीत घातली. इंजन बंद पडलं. आला माझ्याच दारात, "आवं आप्पा, बैलं द्या."

"देतो. पर मोटार कोरेगावच्या भर बाजारातनं न्यायची, आन् स्टेरिंगवर तूच बसायचं."

चांद्याचं उरलेलं शिंग रंगवलं, घुंगरं बांधली, बैलं मोटारीला जुपली. राहिलेली मिरवणूक आज निघाली.

माझं चुकलं आसंल तर सांगा. पर शंकरनं आज पहिल्यांदा दोन्ही हातांनी स्टेरिंग धरलं व्हतं.